जुना सिको क्रोनोग्राफ घेताय? झिजलेला चालेल, जोडलेला नको

एचएमटी जनता किंवा पायलटपासून सुरुवात केलेल्या माणसाची नजर कधी ना कधी दोन बटणांच्या घड्याळाकडे वळतेच. चावीच्या वर एक बटण, खाली एक बटण, डायलवर छोटी तबकडी आणि कडेने वेगाचे आकडे. हा क्रोनोग्राफ, म्हणजे वेळ दाखवता दाखवता स्टॉपवॉचचंही काम करणारं घड्याळ. नवा यांत्रिक क्रोनोग्राफ बहुतेकांच्या खिशाला झेपत नाही म्हणून लोक जुन्याकडे येतात, आणि नेमके इथेच फसतात. साध्या तीन काट्यांच्या घड्याळापेक्षा यात बिघडण्यासारखं बरंच जास्त असतं, आणि त्यातलं पुष्कळसं बाहेरून दिसत नाही.

हा लेख असं घड्याळ पहिल्यांदाच घेणाऱ्यासाठी आहे. उदाहरणाला मी एकच मशीन धरतो: सिकोचं ६१३९. आणि सगळ्या लेखभर एकच गोष्ट लावून धरणार आहे. ओरखडे, विटलेला रंग, काचेवरचे चरे यांना घाबरू नका. घाबरा ते नव्याने रंगवलेल्या डायलला, दुसऱ्या घड्याळाच्या काट्यांना आणि आरशासारख्या चकचकीत केसला, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाला.

६१३९ च का

१९६९ हे ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप भरणाऱ्या क्रोनोग्राफचं साल. जानेवारीत झेनिथ या स्विस कंपनीने एल प्रिमेरो जाहीर केलं. मार्चमध्ये हॉयर, ब्राइटलिंग आणि त्यांच्या जोडीदारांनी मिळून केलेलं कॅलिबर ११ हे मशीन आलं. मे महिन्यात सिकोचं ६१३९ जपानच्या दुकानांत विकायला लागलं. पहिला मान कोणाचा यावर हौशी मंडळी अजून भांडतात, त्यात आपण पडायला नको. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की पहिली दोन आज हौशी लोकांच्या तिजोरीत गेली आहेत आणि सिको सत्तरचं दशक संपेपर्यंत इतकं बनलं की अजूनही हाती लागतं.

मशीनही साधं नाही. आत कॉलम व्हील, म्हणजे बटणांचे हुकूम आत पोचवणारं खांबांचं चाक आहे आणि व्हर्टिकल क्लच आहे, म्हणजे स्टॉपवॉच सुरू करताना चाकांचे दाते एकमेकांत घुसत नाहीत, चकत्या वरून एकमेकींवर दाबल्या जातात. त्यामुळे बटण दाबल्यावर लांब काटा हिसका न देता सरळ निघतो. मिनिटांची तबकडी एकच, सहाच्या जागी, तीस मिनिटांची. तीनच्या जागी वार आणि तारीख.

या मशीनची अनेक रूपं आहेत, पण बाजारात सगळ्यात जास्त विचारलं जातं ते ६१३९-६००० मालिकेतलं: जाडसर गोलाकार स्टीलची केस, कडेला वेग मोजायची लाल-निळी टॅकीमीटर रिंग आणि काचेच्या आत चावीने फिरणारी आणखी एक रिंग. त्यातलं पिवळ्या डायलचं घड्याळ अमेरिकी अंतराळवीर विल्यम पोग यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर नेलं आणि ८४ दिवस वर वापरलं. नासाचं अधिकृत घड्याळ ओमेगाचं होतं. हे त्यांचं स्वतःचं, सरावाच्या काळात सवयीचं झालेलं. पुढे हौशी मंडळींत पिवळ्या डायलला 'पोग' हेच नाव पडलं. नाव पडलं तशी किंमत चढली, आणि किंमत चढली तशा नकली पिवळ्या डायली निघाल्या. म्हणून नवख्याला माझा सल्ला असा की पहिलं घड्याळ निळ्या किंवा चंदेरी डायलचं घ्या. मशीन तेच, केस तीच, लबाडी कमी.

दुसरे पर्याय? हाताने चावी द्यायचं हवं असेल तर स्विस वालजू ७७३३ किंवा तारखेचं ७७३४ मशीन असलेली अनेक छोट्या ब्रँडची घड्याळं मिळतात. रशियन पोल्योत ३१३३ हे त्याच ७७३४ वरून, स्विसांकडून यंत्रसामग्री विकत घेऊन, मॉस्कोत १९७६ पासून बनलेलं. दणकट आहे आणि त्याची दुरुस्ती जाणणारेही सापडतात. लँडेरॉन ४८ असलेलं जुनं स्विस घड्याळ दिसलं तर एक लक्षात ठेवा: त्यात वरच्या बटणाने काटा सुरू होतो आणि खालच्या बटणाने थांबतो, तेच खालचं बटण पुन्हा दाबलं की शून्यावर येतो. हे ठाऊक नसलेले लोक चांगलं घड्याळ बिघडलेलं समजून परत करतात.

आधी घरात विचारा

बाजारात जाण्याआधी हे करा, कारण महाराष्ट्रात ही शक्यता खरोखरच आहे. सत्तरच्या दशकात परदेशी घड्याळ इथल्या दुकानात सहज मिळत नसे. कुवेत-दुबईला कामाला गेलेला रत्नागिरीकडचा चुलता, बोटीवर असलेला मामा, हेच सिको आणि सिटीझन घेऊन येत. ती घड्याळं बंद पडल्यावर कोणी फेकली नाहीत. गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्यात, देवघराच्या खणात ती पडून आहेत.

सापडलं तर लगेच हलवून चालू करायचा मोह आवरा. वर्षानुवर्षं पडलेल्या मशीनमधलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, आणि तशात ते चालवलं की धुरे झिजतात. बटणं तर मुळीच दाबू नका. आतली रबर रिंग कडक झालेली असते, बटण आत जातं आणि तिथेच बसतं. कापडात गुंडाळा आणि सरळ घड्याळजीकडे न्या. मामांना मात्र एकदा फोन करून विचारा, कुठे घेतलं, कधी घेतलं, मध्ये कोणाकडे दुरुस्तीला दिलं होतं का. ते जे सांगतील ते लिहून ठेवा.

पाठीवरचा नंबर वाचायला शिका

घड्याळ पालथं करा. झाकणावर दोन नंबर दिसतील. पहिला मॉडेलचा, उदाहरणार्थ ६१३९-६००२: डावीकडचे चार आकडे मशीनचे, उजवीकडचे चार केसचे. दुसरा सहा खुणांचा अनुक्रमांक. त्यातला पहिला आकडा सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरी खूण महिन्याची. जानेवारी ते सप्टेंबर १ ते ९, पुढे ऑक्टोबरला ओ किंवा शून्य, नोव्हेंबरला एन आणि डिसेंबरला डी. म्हणजे ३ नंतर एन असेल तर नोव्हेंबर १९७३.

घोटाळा ९ ने सुरू होणाऱ्या नंबरचा, कारण तो १९६९ चा असू शकतो आणि १९७९ चाही. इथे डायल मदतीला येते. सुरुवातीच्या घड्याळांवर '७० मीटर वॉटर प्रूफ' असं छापलेलं असे, नंतर 'प्रूफ' जाऊन 'रेझिस्ट' आलं. ९ चा नंबर आणि डायलवर 'रेझिस्ट' असेल तर ते घड्याळ १९६९ चं म्हणून विकणाऱ्याशी पुढचं बोलणं सावधपणे करा. याच रीतीने झाकण आणि डायल मुळात एकत्र होती का हेही ताडता येतं. झाकण ७४ सालचं आणि डायलवर 'प्रूफ' असेल तर यातलं काहीतरी दुसरीकडून आलंय.

डायलच्या अगदी तळाशी, सहाच्या खाली, बारीक अक्षरांत 'जपान' आणि त्याच्या जोडीला मशीनचा व डायलचा कोड असतो. डायलच्या कोडचे शेवटचे आकडे झाकणावरच्याशी तंतोतंत जुळतीलच असं नाही, त्याने बिचकू नका. पण कोड मुळातच नसेल, किंवा अक्षरं फुगीर, तिरकी, शाई पसरल्यासारखी असतील, तर ती डायल नंतर केलेली.

डायल भिंगातून बघा

दहापट मोठं दाखवणारं भिंग ऑनलाइन स्वस्तात मिळतं. घड्याळ घेण्याआधी ते घ्या. मग डायल उजेडात तिरकी धरून हळूहळू फिरवा. मूळ निळ्या डायलवर मधून कडेकडे जाणारी किरणांसारखी चमक असते आणि तिचा रंग बघण्याच्या कोनाबरोबर बदलतो. रंगवलेल्या डायलवर हा रंग मेल्यासारखा सपाट दिसतो. तासाच्या पट्ट्यांच्या कडा बघा: रंग वर चढला असेल तर डायल ब्रशने किंवा फवाऱ्याने रंगवलेली आहे. तारखेच्या खिडकीची कड बघा. मूळ खिडकीची कड कापल्यासारखी स्वच्छ असते, पुन्हा रंगवलेलीवर रंगाची किनार साचते.

चमकणाऱ्या मसाल्याची परीक्षा सोपी. घड्याळ टॉर्चखाली धरा, मग अंधारात न्या. पन्नास वर्षांपूर्वीचा मसाला आता नीट चमकत नाही. काटे हिरवेगार उजळले तर ते बदललेले आहेत किंवा त्यांत नवा मसाला भरलाय. काटे चमकतात आणि डायलवरचे ठिपके नाहीत, असंही दिसेल. तो तर उघड पुरावा. जाता जाता: १९६० च्या आधीचं एखादं स्विस घड्याळ हाती आलं तर त्याच्या डायलवर रेडियम असू शकतं. ते हातावर बांधायला हरकत नाही, पण घरी उघडून तो मसाला खरवडू नका, त्याची धूळ पोटात किंवा फुप्फुसात जायला नको.

रंगवलेल्या डायलींच्या बाबतीत आपल्या मुंबईची कीर्ती काही बरी नाही. परदेशातले हौशी लोक भडक रंगात पुन्हा छापलेल्या, तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या जुन्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हा प्रकार जास्त करून साध्या घड्याळांचा, जुन्या स्विस आणि सिको फाइव्हचा, पण क्रोनोग्राफही त्यातून सुटलेले नाहीत. ऑनलाइन नारिंगी, पोपटी, जांभळ्या डायलचं ६१३९ दिसलं की पुढे जा.

केसचं तेच. या मालिकेच्या केसची वरची बाजू ब्रश मारलेली आणि बाजू चकचकीत असते, आणि दोहोंमधली रेघ धारदार असते. ही रेघ बोटाला लागत नसेल, सगळी केस साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली असेल, तर ती पॉलिशच्या बफावर चढलेली आहे. तासलेलं स्टील परत येत नाही. ओरखड्यांची केस मात्र जशीच्या तशी घ्या.

बटणांची परीक्षा, हीच खरी परीक्षा

सगळ्यात आधी एक गोष्ट, नाहीतर घाबराल. या मालिकेच्या घड्याळात नेहमी फिरणारा सेकंद काटा नाही. मधला लांब काटा स्टॉपवॉचचा. तो बाराच्या खुणेवर उभा असेल तर घड्याळ बंद आहे असं नाही. मिनिट काट्याकडे बघा किंवा कानाला लावा.

दुसरी गोष्ट, हे मशीन चावी देऊन चालत नाही. चावी फिरवली की फक्त आतली रिंग फिरते. घड्याळ आडवं धरून हलकेच डावी-उजवीकडे झुलवलं की रोटर, म्हणजे आतलं फिरतं वजन, कमान भरतो.

आता परीक्षा. वरचं बटण दाबा. काटा लगेच, न अडखळता निघाला पाहिजे. पुन्हा दाबा, जागीच थांबला पाहिजे. मग खालचं बटण दाबा, काटा झटक्यात बारावर आला पाहिजे. काटा चालू असताना खालचं बटण कधीच दाबायचं नाही. आधी थांबवा, मग शून्यावर आणा. चालता काटाच शून्यावर आणणारी फ्लायबॅक नावाच्या खास जातीची घड्याळं आणि वर सांगितलेलं लँडेरॉन ४८ सोडलं तर हा नियम सगळ्या जुन्या क्रोनोग्राफना लागू आहे, आणि बिघडलेल्या बऱ्याच घड्याळांचं मूळ हा नियम न पाळण्यात असतं.

पुण्याच्या जुन्या बाजारात अशा वेळी साधारण असं बोलणं होतं.

"काका, बटणं चालतात ना?"

"एकदम कडक. दाबून बघा की."

दाबून बघता. काटा निघतो, थांबतो, परत येतो, पण बाराच्या पुढे दोन सेकंदांवर.

"हा शून्यावर येत नाहीये, काका."

"अहो, पन्नास वर्षांचं घड्याळ आहे. तेवढं चालतंच."

चालतं की नाही हे आणखी चारपाच वेळा दाबून ठरवा. काटा दर वेळी नेमका त्याच दोन सेकंदांवर येत असेल तर तो कोणीतरी काढून तिरका बसवलाय. सर्व्हिसिंगमध्ये सरळ होईल. एकदा दोनवर, एकदा चारवर, एकदा अठ्ठावन्नवर येत असेल तर काट्याची पकड सैल आहे किंवा काटा शून्यावर ढकलणारा आतला हातोडा झिजलाय. पहिल्या दोषासाठी भाव थोडा पाडायचा, दुसऱ्यासाठी बराच पाडायचा नाहीतर उठायचं.

मग मिनिटांची तबकडी. ही परीक्षा बहुतेक जण टाळतात, कारण वेळ लागतो. मोबाइलचं स्टॉपवॉच आणि घड्याळाचं एकाच वेळी सुरू करा आणि समोर चहा घेत बसा. छोटा काटा मिनिटामिनिटाला पुढे सरकतोय का, मध्येच अडकतोय का, तीस मिनिटांनी परत वर आलाय का, हे बघा. मधला काटा ठीक आणि छोटा काटा जागचा हललेला नाही, असं वारंवार आढळतं. त्याच वेळी मुख्य घड्याळही चालतंय ना हे बघा. स्टॉपवॉच सुरू केलं की मुख्य घड्याळ मंदावत किंवा बंद पडत असेल तर मशीनमध्ये दम उरलेला नाही, सर्व्हिसिंग लगेच हवं.

शेवटी वार-तारीख. आधी चावी बाहेर ओढून काटे सहाच्या आसपास न्या, कारण रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारखेचे दाते एकमेकांत गुंतलेले असतात आणि तेव्हा दाबलं तर तुटतात. मग चावी परत आत बसवा. ती अर्धवट दाबली की तारीख बदलते, पूर्ण दाबली की वार. दोन्ही सरकले पाहिजेत. आणि चावी फिरवल्यावर आतली रिंग फिरली पाहिजे. ती बऱ्याच घड्याळांत अडकलेली असते. फक्त रिंग अडकली असेल तर मी घड्याळ सोडणार नाही.

ऑनलाइन घेताना

समोर बसून परीक्षा करता येत नाही म्हणून व्हिडिओ मागा: सुरू, बंद, शून्य, हे तीन वेळा, न कापता. शिवाय पाठीचा नंबर, उघड्या मशीनचा फोटो, डायल तिरक्या उजेडात, दोन्ही बाजूंनी केस. मशीनच्या फोटोत स्क्रूच्या खाचा बघा, कडा फाटलेल्या असतील तर अडाणी हात फिरलाय. "वर्किंग कंडिशन" एवढ्या दोन शब्दांवर पैसे पाठवू नका. परदेशातून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचा खर्च धरून मगच किंमत स्वस्त की महाग ते ठरवा. आणि घेतलंत कुठूनही, पावती किंवा निदान व्यवहाराचा लेखी पुरावा असू द्या. चोर बाजारात तर नक्कीच.

घड्याळजी शोधणं

हे काम घड्याळ घेण्याआधीचं. उलट्या क्रमाने केलं की घड्याळ खणात पडतं.

कोपऱ्यावरचा घड्याळजी सेल आणि पट्टे बदलण्यात वाकबगार असेल, पण क्रोनोग्राफ हा वेगळा प्रांत. त्याला थेट विचारा, ६१३९ उघडलंय का? प्रामाणिक माणूस नाही म्हणेल आणि बहुधा कोणाकडे जा तेही सांगेल. हो म्हणाला तर पुढचा प्रश्न, मधलं क्रोनोग्राफचं चाक कसं साफ करता? व्हर्टिकल क्लच त्या चाकातच असतो आणि ते चाक उघडण्यासाठी केलेलं नाही. सगळं मशीन पेट्रोलात बुडवून, ब्रश मारून, फुंकर घालून वाळवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत इथे घात करते. क्लचमधलं तेल धुऊन जातं, ते नेमक्या जागी, नेमकं तेवढंच परत दिलं नाही तर स्टॉपवॉच घसरतं. जो हे स्वतःहून सांगेल त्याच्याकडे घड्याळ ठेवा, दोन महिने लागले तरी.

सिको या मशीनचे भाग आता पुरवत नाही. म्हणून बहुतेक दुरुस्ती दुसऱ्या मेलेल्या ६१३९ मधून भाग काढून होते. यात गैर काही नाही, मशीन तेच असलं म्हणजे झालं. बाहेरून कमी किमतीला मिळणारी रूपंही आतून तीच आहेत, म्हणून भागांचा तुटवडा अजून जाणवत नाही. फक्त बदललेला जुना भाग परत मागा.

घड्याळ देताना चिठ्ठीवर लिहून द्या: केसला पॉलिश नको, डायलला हात लावायचा नाही, काटे हेच ठेवायचे. तोंडी सांगितलं तर तुमच्यावरच्या प्रेमापोटी केस चकाचक होऊन येईल. काच हा अपवाद. सिकोची हार्डलेक्स काच खनिज काच असते. तिच्यावरचे ओरखडे घासून जात नाहीत, म्हणून फारच खराब असेल तर बदला. जुन्या स्विस घड्याळांच्या प्लास्टिकच्या काचेचे ओरखडे मात्र पॉलिशच्या पेस्टने घरी काढता येतात.

परत घेताना चाल तपासायच्या यंत्रावर लावून दाखवायला सांगा. दिवसाला किती पुढे-मागे याच्याइतकाच महत्त्वाचा आकडा अ‍ॅम्प्लिट्यूडचा, म्हणजे आतलं तोलचाक किती अंश झुलतं त्याचा. पूर्ण भरलेल्या घड्याळाला डायल वर ठेवून २२० अंशांच्या वर आलं तर मी समाधानी असतो. दोनशेच्या खाली असेल तर "जुनं आहे हो" हे उत्तर घेऊ नका. आणि दुकानातच बटणांची परीक्षा पुन्हा करा, वीसएक वेळा तरी. शून्यावर येताना लांब काट्याला जबर झटका बसतो, सैल बसवलेला काटा तेवढ्यात सरकतो.

पट्टा

या मालिकेच्या पट्ट्याची जागा १९ मिलिमीटरची. दुकानदार १८ चा देईल, मग फट राहील आणि घड्याळ पिनवर डगमगेल. २० चा कोंबून बसवेल. ऑनलाइन १९ चा मिळतो, तोच मागवा. मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर चामड्याचा पट्टा जूनमध्ये बुरशी धरेल, नायलॉनचा बरा. सोबत मूळ स्टीलचा पट्टा आला असेल तर तो खडखडत असला तरी टाकू नका.

रोज घालायचं कसं

घालायचंच. ऑटोमॅटिक घड्याळ डबीत ठेवून टिकत नाही.

सकाळी थोडं झुलवा, वेळ लावा, बांधा. लांब काटा सेकंद काट्यासारखा दिवसभर फिरवत ठेवावा का, यावर दोन मतं आहेत. व्हर्टिकल क्लचमुळे या मशीनवर त्याचा भार फारसा पडत नाही, म्हणून बरेच जण ठेवतात. मी ठेवत नाही. ज्याचे भाग मिळत नाहीत ते यंत्र गरजेपुरतंच चालवावं असं माझं मत. वालजू किंवा पोल्योतमध्ये तर ठेवूच नका.

गरज मात्र भरपूर निघते. कुकर, चहा, पार्किंगची वेळ, मुलांच्या शर्यती. टॅकीमीटरही वापरून बघा, अट एवढीच की गाडी दुसरा कोणीतरी चालवत असावा. एक्सप्रेसवेवर किलोमीटरच्या पाटीशी वरचं बटण दाबायचं, पुढच्या पाटीशी थांबवायचं. काटा ज्या आकड्यासमोर उभा तो वेग. ३६ सेकंद लागले तर १००, ४५ लागले तर ८०. आतली रिंग त्याहून साधी. खूण मिनिट काट्यासमोर आणून ठेवली की किती मिनिटं गेली ते नुसतं बघून कळतं.

काय टाळायचं? लोहचुंबक. मोबाइलचं झाकण, पर्सचं बटण, लॅपटॉपची कड, स्पीकर. घड्याळ अचानक रोज काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर आधी हाच संशय घ्या. चुंबकत्व काढायला घड्याळजीला मिनिटही लागत नाही. दुसरं, हादरे. ड्रिल, हातोडी, क्रिकेटची बॅट यांच्या वेळी घड्याळ खिशातही नको. गणपतीत ढोल वाजवणाऱ्यांनी तर ते घरीच ठेवावं.

आणि पाणी. डायलवर सत्तर मीटर लिहिलंय ते पन्नास वर्षांपूर्वीच्या रबराच्या भरवशावर. रिंगा नव्या घातल्या तरी बटणांच्या भोकांची झीज जात नाही. हात धुताना शिंतोडे उडाले तर पुसा. पोहणं, आंघोळ, भांडी, रंगपंचमी, दुचाकीवरचा पाऊस, हे सगळं बाद. जून ते सप्टेंबर कोकणात आणि मुंबईत मी असं घड्याळ छत्रीच्या भरवशावर बाहेर नेणार नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा, पुड्या मधूनमधून बदला, आणि घरात बसलेले असाल तेव्हा बांधा. काचेच्या आत वाफ दिसली तर हेअर ड्रायर, दिव्याची ऊब, तांदळाचा डबा, यातलं काहीही करू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडे नेऊन झाकण उघडून घ्या. एक रात्र ओलं राहिलं तरी स्टीलचे बारीक भाग गंजायला सुरुवात होते आणि डायलवर डाग उठतात.

सर्व्हिसिंग पुन्हा कधी? चार-पाच वर्षांनी, किंवा रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सकाळपर्यंत बंद पडायला लागलं की त्याआधीच.

बदललेले भाग, जुनी काच, पावत्या, घड्याळजीने लिहून दिलेली चिठ्ठी आणि मामांनी फोनवर सांगितलेलं सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावर पाठीचा नंबर लिहून ठेवा. घड्याळ विकलंत किंवा मुलीला दिलंत तर ही पिशवीही बरोबर द्या.